बिराजदार सर, सगळ्या बाजूंनी

बिराजदार सर माणसाला नमस्कार करण्याआधी त्याच्याभोवती एक फेरी मारायचे. यात अतिशयोक्ती नाही. होटगी रस्त्याकडच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी इंग्रजी शिकवायला रुजू झालो, त्या दिवशी स्टाफरूमच्या दारात हा गृहस्थ उभा होता. उंची बेताची, पोट बेताबाहेरचं, चष्मा कपाळावर. मी हात पुढे केला. त्यांनी तो बघितला, पण घेतला नाही. डावीकडून निघाले, माझ्या पाठीमागे गेले, तिथं जरा रेंगाळले, खाली वाकले आणि माझ्या नव्या कोऱ्या पँटच्या मागून चर्रर्र असा आवाज आला. मला वाटलं, पँट गेली. सर उजवीकडून पुन्हा समोर उगवले तेव्हा त्यांच्या हातात एक लांबलचक पारदर्शक पट्टी होती आणि तिच्यावर माझ्या कमरेचं माप वरपासून खालपर्यंत छापलेलं होतं. ती पट्टी मांडीमागे मिरवत मी प्राचार्यांना भेटून आलो होतो आणि सकाळचा एक तास शिकवूनही आलो होतो. वर्गातली पोरं शेवटपर्यंत का हसत होती ते मला तेव्हा कळलं.

"चौतीस," पट्टी वाचत सर म्हणाले. "मी बत्तीस धरली होती. समोरून अंदाज येत नाही ओ." मग त्यांनी माझा हात हातात घेतला. "बिराजदार. कॉम्प्युटर. उभं का? बसा की."

पुढे कळलं की ही फेरी सगळ्यांनाच होती. कुणाची कॉलर मागून दुमडलेली, कुणाच्या पाठीला भिंतीचा चुना, कुणाच्या ब्लाउजला सुटलेला दोरा. सरांनी असं काही दाखवलं नाही असा दिवस जात नसे. भाजी बाजारात ते कलिंगडाभोवती फिरत, मग कलिंगडवाल्याभोवती. एकदा वांगी विकणारी मावशी वैतागून म्हणाली, "घ्यायची तर घ्या की सायेब. वांग्याशी सोयरीक करायची हाय का?" सर शांतपणे म्हणाले, "मागं भोक हाय बघा ह्याला." होतंच.

स्टाफ मीटिंगमध्ये वाद पेटला की त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे. "पण त्या बाजूनं कोण बघितलंय?" कुठल्या बाजूनं, हे ते सांगत नसत. सगळे गप्प होत, चहा येई आणि मीटिंग संपे. मला तर वाटतं, आमचं कॉलेज निम्मं त्या वाक्यावर चाललं.

या सगळ्याच्या मुळाशी सरांचा अभ्यासाचा विषय होता. चालत्याबोलत्या प्रसंगाचं अनेक कॅमेऱ्यांनी एकाच वेळी चित्रण करायचं आणि त्यातून कॉम्प्युटरमध्ये तोच प्रसंग लांबी, रुंदी, खोलीसकट पुन्हा उभा करायचा; असा, की बघणाऱ्याला त्यात हवं तिकडून शिरता यावं. मला हे समजावताना त्यांनी बोट नाकासमोर धरायला लावलं आणि आधी एक डोळा मिटायला सांगितलं, मग दुसरा. बोट इकडून तिकडे उडी मारायचं. "ती जी उडी हाय ना मास्तर," ते म्हणाले, "त्यात सगळी खोली हाय. एक डोळा नुसता फोटो बघतो. दोन डोळ्यांनी एकच ठिपका बघितला की तो कुठं हाय ते कळतं. असे लाखो ठिपके गोळा केले की माणूस उभा राहतो." हे प्रात्यक्षिक त्यांनी अख्ख्या स्टाफरूमकडून करवून घेतलं. त्याच वेळी तपासणी समिती आत आली आणि समितीच्या अध्यक्ष बाईंनी पंधरावीस प्राध्यापकांना आपल्याकडे बघून आलटूनपालटून डोळे मिचकावताना पाहिलं. त्या वर्षी आमच्या शेऱ्यात शिस्तीविषयी एक वेगळा परिच्छेद होता.

कॅमेरे कधीच पुरेसे नसत. सर विद्यार्थ्यांचे, शिपायाचे, माझे मोबाइल गोळा करून स्टँडवर लावत. प्रत्येक मोबाइल वेगळ्या क्षणी सुरू होणार, मग सगळ्यांची वेळ जुळायची कशी? त्यासाठी टाळी. सर मधोमध जात, दोन्ही हात लांब करून एक सणसणीत टाळी वाजवत आणि कमरेत वाकून, पळत बाहेर येत. टाळीचा तो क्षण धरून सगळी चित्रणं एका रेषेत आणायची आणि टाळीचा भाग कापून टाकायचा. "मी सीनमध्ये नसतो," ते सांगत. "टाळी झाली, की मी कापला जातो." वर्षानुवर्षं ते सगळ्यांचं चित्रण करत राहिले आणि स्वतः कापले जात राहिले.

त्यांचा पहिला मोठा प्रयोग मी पाहिला तो प्राचार्यांवर. प्राचार्यांनी खुर्चीवरून उठायचं, टेबलाला वळसा घालायचा आणि रोपाला पाणी घालायचं, एवढाच प्रसंग. पण खोलीच्या भिंती पांढऱ्या सपाट. "पांढऱ्या भिंतीपुढं मशीन आंधळं होतं," सर म्हणाले, "त्याला धरायला काहीतरी खूण लागते." म्हणून त्यांनी काय करावं? आपल्या सोलापुरात जे कुठल्याही घरात मागितल्याबरोबर मिळतं तेच आणलं. चारी भिंतींवर सोलापुरी चादरी टांगल्या. एकाच नक्षीच्या, एकाच रंगाच्या, ओळीनं मोर. दिसायला खोली झकास दिसत होती. पण मशीनला या चादरीवरचा मोर आणि त्या चादरीवरचा मोर यांत फरक कळेना. त्यानं सगळी भिंत एकेका मोरानं सरकवली आणि तिच्याबरोबर प्राचार्यही सरकले. पडद्यावर प्राचार्यांचं धड रोपाला पाणी घालत होतं आणि डोकं शांतपणे खुर्चीत बसून होतं. सर घाबरले. प्राचार्यांनी मात्र बराच वेळ निरखून विचारलं, "टक्कल मागून एवढं दिसतं?"

सर सगळ्या फजित्या हसून घेत. पण एक गोष्ट त्यांच्या मनात घट्ट होती. आयुष्यात एक तरी सीन बिनचूक उभा करायचा. तुटलेला हात नको, हवेत तरंगणारा ठिपका नको. "एकच होऊ दे मास्तर," ते म्हणत, "मग मी गप्प बसतो." ते गप्प बसतील यावर कुणाचा विश्वास नव्हता.

अशात त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, गौरीचं, लग्न ठरलं. सरांचे वडील, अप्पा, मंद्रूपला असत. खुब्याचं हाड मोडल्यापासून ते खाटेवरच होते. नातीचं लग्न सोलापुरात म्हटल्यावर म्हातारा हट्टाला पेटला. टेम्पोत खाट टाका, मला न्या. डॉक्टर नको म्हणाले, सरांच्या पत्नी सुवर्णावहिनी नको म्हणाल्या, अप्पा कुणाचं ऐकेनात. तेव्हा सर खाटेशेजारी बसले आणि म्हणाले, "तुम्ही येऊ नका अप्पा. मी लग्नच हितं आणतो. तुम्ही त्यात हिंडा."

"हिंडायला येतंय व्हय?" अप्पांनी विचारलं.

"येतंय की."

अप्पांनी लगेच हट्ट सोडला. मी तिथंच होतो. सरांच्या यंत्रावर आजवर कुणी इतका विश्वास टाकला नव्हता. खुद्द सरांनीही नाही.

लग्नाच्या तयारीत सरांनी सगळ्या पाहुण्यांना निरोप दिला की येताना एकेक चादर घेऊन या, पण दोन चादरी सारख्या नकोत. मोरांचा धडा ते विसरले नव्हते. कार्यालयाच्या मालकानं नुकताच पांढराशुभ्र रंग दिला होता. त्यावर फुलांची, चौकटीची, एक वाघाची आणि एक कार्टूनची अशा चादरी लटकल्या. वहिनी दारातच थांबल्या. "लग्न हाय का धोबीघाट?" त्यांनी मला विचारलं. "तुम्ही तरी सांगा की ओ भावजी ह्यांना." मी काय सांगणार? माझाही मोबाइल एव्हाना एका स्टँडवर चढला होता. नेहमीच्या व्हिडिओवाल्याला सरांनी आधीच नको म्हणून सांगितलं होतं.

अक्षतांचा प्रश्न त्याहून अवघड होता. आमच्याकडे अक्षता म्हणजे रंगवलेली ज्वारी, आणि ती मुठीमुठीनं. हजारो बारीक दाणे हवेत उडणार आणि मशीन त्यातला प्रत्येक धरायला जाणार. सरांनी माइक घेऊन विनंती केली की अक्षता टाकू नयेत, हातात धरून नुसत्या मनानं टाकाव्यात. मंद्रूपहून आलेले एक चुलते उठले. "रेवणसिद्धा," ते सरांना म्हणाले, "मनानं जेवण वाढणार हाईस का?" आणि बसले. विषय संपला.

मुहूर्ताला सर मधोमध गेले आणि त्यांनी टाळी वाजवली. इतक्या वर्षांत मी अशी टाळी ऐकली नव्हती. वाजंत्री थांबली, लग्न लावणारे स्वामी दचकले, एक लहान मूल रडायचं थांबलं. सगळं कार्यालय जिथल्या तिथं थबकून सरांकडे बघू लागलं. आता त्यांनी कमरेत वाकून पळायचं होतं. पण समोर गौरी उभी होती, मुंडावळ्या बांधलेली, आणि बापाची ती टाळी बघून तिला हसू फुटलं होतं. सकाळपासून सरांनी तिला प्रत्येक कॅमेऱ्यातून बघितलं होतं. नुसत्या डोळ्यांनी ते तिला पहिल्यांदाच बघत होते. ते पळायचं विसरले. हात टाळीनंतर जसे सुटले तसेच अर्धवट उघडे, आणि ते बघतच राहिले. शेवटी त्या चुलत्यांनीच दंडाला धरून त्यांना बाजूला ओढलं, स्वामींनी सुरुवात केली आणि अक्षतांचा पाऊस पडला.

पुढचे काही आठवडे वाईट गेले. मशीननं प्रत्येक दाणा इमानेइतबारे धरला आणि सगळे एकात एक मिसळून टाकले. पडद्यावर खळ्यावर घालतात तशी ज्वारीची रास होती आणि राशीतून दोन मुंडावळ्या वर आलेल्या. वहिनींनी बराच वेळ शोधलं. "जावई कुठं हायत ओ?" सर खाली मान घालून म्हणाले, "हायत की. आत हायत."

एका मोबाइलमधलं साधं चित्रण मंद्रूपला पाठवून बघितलं. अप्पांनी ते अर्ध्यावर थांबवायला लावलं. "ह्ये तर टीव्हीसारखंच हाय. ह्यात मी हिंडू कसा?" त्यानंतर त्यांचा रोज सकाळी फोन. "आणलास का लगीन?" सर म्हणत, "आणतो अप्पा." स्टाफरूममध्ये सरांनी फेऱ्या मारणं बंद केलं. माझ्या कॉलरकडे त्यांचं लक्ष जाईना. वडिलांना येण्यापासून आपणच अडवलं आणि आता द्यायला हातात काही नाही, हे त्यांना आतून खात होतं. ते कुणालाही समोरूनच दिसत होतं.

आणि मग एके दुपारी सरांच्या हातून चूक झाली. पुन्हा सगळं मशीनमध्ये घालताना टाळीचा भाग कापायचा राहिला. मी शेजारीच चहा पीत होतो. पडद्यावर ठिपके जमू लागले आणि बघता बघता आख्खं कार्यालय उभं राहिलं. अक्षता अजून लोकांच्या मुठीत होत्या. सगळे थबकलेले असल्यामुळे एकाचाही हात हलला नव्हता. वाघाची चादर वाघासकट जागेवर होती. गौरी हसत होती, वहिनींनी कपाळाला हात लावला होता, स्वामींचं तोंड उघडं होतं, आणि मधोमध सर होते. मोजून एखादा श्वास घ्यावा एवढाच वेळ, पण त्यात शिरून कुठूनही कुठंही जाता येत होतं. सरांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला. "कापायचा भाग आला की ओ मास्तर," ते म्हणाले.

आम्ही त्याच दिवशी मंद्रूप गाठलं. अप्पांच्या छातीवर उशी, उशीवर लॅपटॉप. सर बोट फिरवत होते आणि अप्पा हुकूम सोडत होते. "गौरीच्या जवळ चल. आनकी जवळ. हसतीया की गं बाई!" मग जावयाला सगळीकडून बघून झालं. जोडेसुद्धा बघून झाले. "आता मागं चल. मानसं कोन कोन आल्यात बगू." पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर अप्पांचा फेटा ठेवला होता. वहिनींनी ठेवला होता, सरांनाही ठाऊक नव्हतं. अप्पा त्या खुर्चीसमोर थांबले. "कुनी ठिवला रं?" ते म्हणाले. "वाकडा ठिवलाय." आणि उशीवरचा हात उचलून त्यांनी डोळे पुसले.

"साकु," थोड्या वेळानं ते कानडीत म्हणाले, पुरे झालं म्हणून. "हिंडलो म्या." मग एकदम मान पुढे काढून, "पर रेवन्या, तुज्या पाटीला काय लोंबतंय?"

सरांनी बघितलं. त्यांच्या नव्या जाकिटाच्या मागं, मानेखाली, एक छोटा पांढरा ठिपका हवेत तिरका अडकला होता.

"काही नाही अप्पा. नॉईज हाय."

"म्हंजी?"

"म्हणजे नसलेलं दिसतंय. मशीनची चूक."

"मला तर असल्यावानी दिसतंय," अप्पा म्हणाले आणि डोळे मिटून झोपी गेले. त्याच हिवाळ्यात ते गेले. पण नातीचं लग्न मी हिंडून बघितलं, हे भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगून गेले.

सरांना मात्र त्या ठिपक्यानं पछाडलं. सगळा सीन बिनचूक आणि नेमका तेवढा एक ठिपका! त्यांनी हिशेब बदलले, कॅमेऱ्यांच्या जागा पुन्हा काढल्या, सगळं पहिल्यापासून चालवलं. दर वेळी ठिपका तिथंच, तस्साच तिरका. पुण्याच्या एका परिषदेतून बोलावणं आलं तर गेले नाहीत. "चूक घेऊन कशाला जाऊ?" मी म्हणालो, सर, एवढ्याशा ठिपक्याकडे कोण बघतंय? ते माझ्याकडे अशा नजरेनं बघू लागले की मी चहा मागवला.

गेल्या उन्हाळ्यात, कॉलेजला निघताना बूट घालायला ते खाली वाकले आणि उठलेच नाहीत. एवढंच. त्यावर मला जास्त लिहिता येत नाही. स्टाफरूममध्ये आम्ही सगळे आता एकमेकांच्या पाठी बघतो, पण सांगायला धजत नाही.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी वहिनींनी मला बोलावलं. कपाट आवरायला काढलं होतं. पलंगावर ते लग्नातलं जाकीट पडलं होतं. "एकदाच घातलंय बघा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला होईल का ओ?" मला ते दोन जन्मांत झालं नसतं. पण सरांबरोबर इतकी वर्षं काढलेली. मी ते हातात घेतलं आणि उलटं करून मागून बघितलं.

कॉलरखाली पांढऱ्या दोऱ्याला दुकानाचं पांढरं कार्ड लोंबत होतं.

मी सरांचा लॅपटॉप उघडला, कार्यालयात शिरलो, सरांच्या मागं गेलो आणि जवळ गेलो. ठिपका तिथंच होता. कार्ड जितकं तिरकं, तितकाच तिरका. कार्डाचा दुमडलेला कोपरासुद्धा. मशीननं काहीच चुकवलं नव्हतं. सरांनी आयुष्यभर मागितलेला तो एक बिनचूक सीन त्यांना मिळाला होता आणि तो त्यांच्या हातात असताना ते त्यातली चूक शोधत बसले होते.

वहिनी आधी हसल्या. पोट धरून हसल्या. "अख्ख्या गावाच्या पाठी बघत फिरला ह्यो माणूस," त्या म्हणाल्या, "आन् ह्यांची पाठ कुणी बघितली न्हाय ओ!" मग त्या रडायला लागल्या आणि मीही. कात्री समोरच होती, पण त्यांनी दोरा कापला नाही. जाकीट तसंच घडी करून पुन्हा कपाटात ठेवलं.

त्या चहा टाकायला आत गेल्या तेव्हा मी पडद्यावरच्या सरांभोवती एक पूर्ण फेरी मारली. डावीकडून निघालो, पाठीमागे जरा रेंगाळलो आणि उजवीकडून समोर आलो. ते हात अर्धवट उघडे ठेवून मुलीकडे बघत होते. आता हात मिळवायला हरकत नव्हती.

"सर," मी म्हणालो, "नॉईज नव्हता. कार्ड होतं."